कोणी हललं नाही

आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी वादविवादासाठी विषय दिला होता : ‘मोठ्या तंत्रज्ञान कंपनीतली नोकरी, फायदे आणि तोटे’. फायद्यांच्या बाजूनं बोलायला निम्म्या वर्गाचे हात वर गेले. तोट्यांच्या बाजूला कुणीच नव्हतं. मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत बसले होते, म्हणून बाईंना नेमकी मीच दिसले.

“तुझे बाबा तसल्याच कंपनीत आहेत ना? मग तुला सोपं जाईल.”

“बाई, ती बोलणार कशी?” मागून कुणीतरी म्हणालं. “तिला हजेरी द्यायलासुद्धा लाज वाटते.”

सगळे हसले. मीही हसले. लाजणाऱ्या मुलींना तेवढं जमतं.

घरी जेवताना मी बाबांपुढे विषय काढला. ते खूश झाले.

“आधी फायदे ऐक. दवाखान्याचा खर्च कंपनीचा. आजीचा खुबा बदलला तो कुणामुळे? दुपारचं जेवण फुकट. व्यायामशाळा आहे...”

“ती तुमच्या पोटाकडे बघूनच कळते,” आई म्हणाली.

“भोवती हुशार माणसं असतात, रोज नवीन शिकायला मिळतं. आणि कुठेही जाऊन कंपनीचं नाव सांग, समोरचा माणूस बसायला खुर्ची पुढे करतो.”

“आणि तोटे?” मी विचारलं.

“तोटे जिराफकाकांना विचार,” आई म्हणाली. “घरीच आहेत बिचारे सध्या.”

बाबांचा घास हातातच राहिला.

जिराफकाका म्हणजे बाबांचे कंपनीतले मित्र. आमच्या दारातून आत येताना ते मान वाकवत, म्हणून लहानपणी मीच त्यांना हे नाव दिलं होतं. मला सायकल शिकवली ती त्यांनी, कारण बाबांना कधी वेळ नसायचा. काही आठवड्यांपूर्वी कंपनीत काहीतरी मोठी चूक झाली आणि तिची चौकशी संपेपर्यंत काकांना घरी बसवलं गेलं. तेव्हापासून ते आमच्याकडे आले नव्हते.

“शनिवारी चल माझ्याबरोबर,” बाबा म्हणाले. “मला ऑफिसात जरा काम आहे. तू बघ, आणि तोटे तूच शोध.”

“सुट्टीच्या दिवशी? आणि तिला कशाला नेताय?” आईनं विचारलं.

“तिच्या अभ्यासासाठीच,” बाबा म्हणाले. पण बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शनिवारी जेवणं झाल्यावर आम्ही निघालो. ऊन रखरखीत होतं. ऑफिसची इमारत सगळी काळसर काचेची, त्यामुळे समोर उभं राहिलं की आपलंच प्रतिबिंब आपल्याकडे बघत राहतं. मुख्य दार आपोआप उघडणारं होतं. बाबा त्याच्या अलीकडेच थांबले, खिशातून फोन काढला आणि उगाच बघायला लागले.

“तू हो पुढे.”

मी पुढे झाले. दार सरकलं. बाबा माझ्या पाठीला जवळजवळ चिकटून आत शिरले.

टेबलामागे पहारेकरी काका बसले होते. “या या, आज छोट्या साहेब आल्यात वाटतं! एकट्याच?”

“बाबा आहेत ना,” मी म्हणाले.

त्यांनी मान पुढे काढून पाहिलं, मग गडबडीनं उठून उभे राहिले. “माफ करा हं सर. हल्ली असं होतं बघा, तुम्ही समोर असता आणि दिसतच नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल.”

बाबा हसल्यासारखं करून लिफ्टकडे वळले.

त्यांचा मजला वरचा होता. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर नुसता काळोख. भर दुपारी असला काळोख मी कधी पाहिला नव्हता. खिडक्या फार लांब, कडेला होत्या आणि त्यांवर पडदे ओढलेले होते. गालिच्याचा कोंदट वास येत होता, आणि त्यात कुठल्यातरी कपात विसरलेल्या कॉफीचा आंबूस वास. वरून थंड हवेचा घुं घुं आवाज. एवढ्या मोठ्या जागेत दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

“इथले दिवे माणसाची हालचाल झाली की लागतात,” बाबा म्हणाले. “चालायला लाग.”

मी पाऊल टाकलं. डोक्यावरचा दिवा लागला. आणखी चालले, तसतसे पुढचे लागत गेले, आणि त्यांच्याखाली रिकाम्या खुर्च्या, टेबलं, कुणाच्या तरी बाळाचा फोटो, वाळलेलं एक रोपटं असं एकेक दिसायला लागलं. मला मजा वाटली. राणी चालली की दिवे लागतात तसं. बाबा मागून येत होते, माझ्याच उजेडात.

मग मी पाणी प्यायला कोपऱ्यातल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा मजल्यावर पुन्हा अंधार झाला होता.

त्या अंधारात मधोमध बाबा उभे होते, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवत होते. लांबच्या बोटीतल्या माणसाला हाक मारावी तसे. हात हलवत होते, मग उडी मारत होते, मग पुन्हा हात. त्यांच्या बुटांचा धप धप आवाज येत होता. त्यांच्या डोक्यावरचा दिवा मात्र लागत नव्हता.

मी दारातच थबकले. मला भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली, आपल्या वडिलांना कपडे बदलताना चुकून पाहिल्यासारखी. मी मागे सरले असते, पण माझा पाय हलला आणि माझ्यावरचा दिवा लागला.

बाबांचे हात खाली आले.

“सेन्सर बिघडलाय,” ते म्हणाले.

मी त्यांच्याजवळ गेले. दिवा लागला.

“बाबा, तो बिघडलेला नाहीये.”

ते खुर्चीवर बसले. मग अगदी हळू, कुणी ऐकेल या भीतीनं बोलायला लागले. मी मधूनमधून हात हलवत होते, उजेड राहावा म्हणून.

“शुक्रवारी संध्याकाळी प्रणालीत नवा बदल सोडायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. बिघडलं काही तर निस्तरायला सोमवारपर्यंत माणूस नसतो. पण आपल्याला त्या दिवशी बाहेरगावी निघायचं होतं, आठवतं? मला हातातलं काम संपवायचं होतं. माझा लॅपटॉप बॅगेत भरून झाला होता. जिराफ कॉफी आणायला गेला होता आणि त्याचा लॅपटॉप समोर उघडाच होता...”

“तुम्ही त्यावरून सोडलात?”

“मिनिटभराचं काम होतं गं. त्याला सांगायचंही राहून गेलं.”

लोकांच्या घरी औषधं पोचवायची व्यवस्था बाबांची टीम सांभाळत असे. त्या बदलानंतर न निघालेली औषधंसुद्धा ‘पोचली’ अशी दिसायला लागली. सोमवारी सकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे फोन येत राहिले आणि त्यांना यंत्र सांगत राहिलं, तुमचं औषध मिळालेलं आहे. आणि बदल सोडणाऱ्याचं नाव म्हणून जिराफकाकांचं नाव लागलं होतं.

“मग मीटिंग झाली. त्या तिथे.” बाबांनी टोकाच्या काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं. “जिराफ म्हणाला, मी सोडलेला नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. आमच्या मोठ्या मॅडमनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, कुणाला काही सांगायचंय? तर हात वर करा.”

“तुम्ही केला नाहीत.”

“कुणीच केला नाही. कुणी हललंसुद्धा नाही. सगळ्यांना वाटत होतं, आपण जरा जरी हललो तरी त्यांची नजर आपल्यावर येईल. इतके गप्प बसलो, इतके... की दिवा गेला.”

मी हात हलवायचा विसरले होते. आमच्यावरचा दिवाही तेवढ्यात गेला. मी घाईघाईनं हात वर केला.

“एरवी दिवा गेला की आम्ही हसायचो,” बाबा म्हणाले. “ज्याचा हात आधी वर जाईल त्यानं सगळ्यांना कॉफी आणायची, असा खेळ होता. त्या दिवशी हात वर करायचा म्हणजे... कळतंय ना तुला? अंधारात आम्ही सगळे बसून राहिलो. मला जिराफचा श्वास ऐकू येत होता. तो माझ्याकडेच बघत असणार. मग अंधारातूनच मॅडम म्हणाल्या, ठीक आहे तर.”

“आणि मग?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी खालचं दार माझ्यासाठी उघडलं नाही.”

तेव्हापासून असं चाललं होतं. दार उघडेना, दिवा लागेना, नळाखाली हात धरला तरी पाणी येईना. बाबा रोज दाराशी फोन बघत उभे राहायचे आणि कुणीतरी आलं की त्याच्या मागून आत शिरायचे. हात धुवायला कुणाच्या शेजारचा नळ चालू असेल तर तिथे घाईनं हात घालायचे. आणि आज शनिवार होता. मागून शिरायला कुणीच येणार नव्हतं.

मला कशाला आणलं होतं ते तेव्हा कळलं.

“आज चौकशीतला शेवटचा माणूस मी,” बाबा म्हणाले. “चौकशी करणाऱ्या बाई दुसऱ्या शहरातून पडद्यावर येतील. ते बोलणं ऑफिसातूनच करावं लागतं. आज मी काय सांगेन त्यावर जिराफचं ठरणार.”

“मग सांगून टाका ना, बाबा.”

“सांगणारच आहे गं. त्यासाठीच तर आलोय.” ते उठले. “पण तुझ्या आजीला अजून औषधं लागतात. तुझी शाळा आहे. घर आहे. रोज रात्री मी हेच मोजत पडलेला असतो. एवढी मोठी कंपनी आहे, एका माणसाच्या बोलण्यानं काय होणार, असंही वाटतं. मग वाटतं, एका माणसाच्या न बोलण्यानं झालंच की.”

काचेच्या खोलीत मोठा पडदा होता आणि त्याखाली एक कॅमेरा. जो बोलेल त्याच्याकडे तो आपोआप वळत असे. बाबा टेबलाशी बसले, मी कोपऱ्यात. माझं काम एवढंच की मधूनमधून हात हलवायचा.

पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. बाबा म्हणाले, “नमस्कार.” कॅमेरा जरासा हलला, इकडे वळला, तिकडे वळला, आणि माझ्यावर येऊन थांबला.

“ही कोण?” बाईंनी विचारलं.

“मुलगी आहे माझी. शाळेचा अभ्यास होता तिचा, म्हणून...”

“गोड आहे. पण तिला बाहेर बसावं लागेल. नियम आहे, तुम्हाला माहीतच असेल.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठाकडे कसा बघत असेल ते मला माहीत नाही, पण बहुतेक तसंच. मी उठले आणि बाहेर आले. दार मागे बंद झालं.

बाहेरच्या बाकावर बसून मी काचेतून आत बघत होते. थोड्याच वेळात आतला दिवा गेला. बाबांच्या तोंडावर फक्त पडद्याचा निळसर उजेड राहिला. बाईंचे ओठ हलले, त्यांनी काहीतरी विचारलं. बाबांनी मान खाली घातली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाईंनी पुन्हा विचारलं.

बाबा हलले नाहीत.

बोला ना, बाबा. मी मनात म्हणत होते. बोला ना... पण काचेवर टकटक करायचं धाडस मलाही झालं नाही. मीही तशीच बसून राहिले, आणि माझ्या डोक्यावरचा दिवा गेला.

तेवढ्यात लांब, लिफ्टपाशी, एक दिवा लागला.

मला वाटलं पहारेकरी काका आले. मग त्याच्या अलीकडचा लागला. मग त्याच्या अलीकडचा. कुणीतरी माझ्या दिशेनं येत होतं, घाई न करता. दिव्याखाली खुर्च्या दिसत होत्या, टेबलं दिसत होती, वाळलेलं रोपटं दिसत होतं. माणूस दिसत नव्हता. पण गालिचा दाबला जात असल्याचा आवाज मला नीट येत होता. फस्... फस्...

माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं त्यानंच दिवा लागेल. आवाज अगदी जवळ आला. माझे पाय वाटेत होते. मी ते मागे घेतले. का घेतले कोण जाणे. मोठं माणूस जवळून जात असलं की आपण घेतो, तसे. आणि समोरून जाताना वास आला. बाबांच्या दाढीच्या साबणाचा, सकाळी बाथरूममधून येतो तसा, ताजा.

काचेचं दार उघडलं आणि बंद झालं. खोलीत लख्ख उजेड पडला.

बाबांनी दचकून वर पाहिलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. डोळे न मिटता बघत होते. ओठ एकदाही उघडले नाहीत. कॅमेरा मात्र वळला होता, बाबांच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाइतका वर. पडद्यावरच्या बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मान हलवत होत्या, मधेच काही टिपून घेत होत्या. एकदा त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

मी दार ढकललं तेव्हा त्या म्हणत होत्या, “...इतक्या स्पष्टपणे सगळं स्वतःवर घ्यायला धैर्य लागतं, सर. मी तसं कळवेन.” आणि पडदा काळा झाला.

“बाबा?”

“मी बोललो नाही,” बाबा म्हणाले. “देवाशपथ... मी काहीच बोललो नाही.”

पुढे सगळं चांगलंच झालं. जिराफकाकांना सन्मानानं परत बोलावलं. बाबांना ताकीद मिळाली, पण नोकरी राहिली. उलट मोठ्या मॅडमनी सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेऊन सांगितलं की अशी माणसं आहेत म्हणून ही कंपनी आहे. खूप टाळ्या झाल्या म्हणे. आई येईल त्याला ते सांगत होती. बाबा तिच्या शेजारी बसून ऐकायचे आणि त्यांचे कान लाल व्हायचे. आईला वाटायचं संकोच. दारं अजूनही त्यांच्यासाठी उघडत नव्हती. दुकानाच्या दाराशी ते कुणीतरी यायची वाट बघत उभे राहिलेले मी पाहिले होते.

मग एका संध्याकाळी जिराफकाका आले. मान वाकवून आत शिरले, हातातला केकचा खोका माझ्याकडे दिला आणि बाबांना त्यांनी घट्ट मिठी मारली. बाबा लाकडासारखे उभे होते.

“बस कर रे,” बाबा म्हणाले.

“बस कर काय? चौकशी संपल्यावर रेकॉर्डिंग मला बघायला मिळालं. वहिनी, काय उभा होता हा! ताठ. एकदाही नजर चुकवली नाही त्यानं. मी आमच्या हिलाही सांगितलं, हा माणूस मी इतकी वर्षं ओळखतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.”

“आमच्या घरी तर मी अजून नाही पाहिला,” आई म्हणाली आणि सगळे हसले. बाबा सोडून.

“एक मात्र कळलं नाही मला.” काका केक खाता खाता थांबले. “शेवटी त्या बाईंनी विचारलं, आणखी काही? तर तू म्हणालास, ‘आता मला घरी जायचंय. तिथे माझ्या जागी कोणीतरी बसलंय, त्याला उठवायचंय.’ म्हणजे काय रे?”

“यांच्या खुर्चीत कोण बसणार?” आई म्हणाली. “बसून बसून खड्डा पडलाय तिला.”

पुन्हा हसणं झालं. काका निरोप घेऊन गेले. आई बशा घेऊन आत गेली आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बाबांनी दार लावलं, कडी घातली, वरची साखळीही घातली. साखळी आम्ही गावाला जातानाच लावायचो.

आमच्या जिन्यातही हालचालीनंच लागणारा दिवा आहे. काका उतरताना तो लागला, दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघ आत आली. काकांची पावलं खाली गेली. फाटक वाजलं. रेघ विझायला हवी होती.

ती विझली नाही.

जरा वेळानं ती मधेच तुटली. दोन जागी. दारासमोर कुणी उभं राहिलं की दोन पायांनी तुटते, तशी.

बाबांनीही पाहिलं. ते त्यांच्या खुर्चीत बसले होते, मान खाली, हात मांडीवर. “हलू नकोस,” ते पुटपुटले. “अजिबात हलू नकोस गं... जाईल ते.”

हे लिहिताना माझे कान तापतात, पण लिहिते. बाबा माझे आहेत. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारे, माझ्या शाळेसाठी आणि आजीच्या औषधांसाठी गप्प राहिलेले. तरीही त्या क्षणी मला दुसरे हवे होते. जे उभे राहिले, ते.

मी उठले. साखळी काढली. कडीवर हात ठेवला.

“कोण आहे गं दारात?” आईनं आतून विचारलं.

“मी आहे,” बाबा म्हणाले. माझ्या पाठीमागून आणि दारापलीकडून, एकाच वेळी.